झाकणावरची नावं

खवलेल्या नारळाच्या डब्यामागे, मटारांच्या पिशवीला टेकून, तीन अख्खे ससे पडले होते. पांढरे, कानांसकट, पारदर्शक पिशव्यांत. छायाला ते तिथे आहेत हे महिन्याभरापासून माहीत होतं, तरी दर वेळी फ्रीजर उघडला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिने खोबरं काढलं, दार धाडकन लावलं आणि स्वयंपाकघरातूनच ओरडली, "चारू, तुझ्या सरांचे ससे अजून किती दिवस माझ्या खोबऱ्याशेजारी झोपणार आहेत?"

"अजून दोन महिने गं. सांगितलंय ना," हॉलमधून चारुदत्तचं उत्तर आलं. "ऑगस्ट एंडला सर रिटर्न येतायत."

ससे अजगराचे होते. अजगर आतल्या खोलीत, अंकुरच्या पलंगाशेजारी होता. आणि तो चारुदत्तच्या मॅनेजरचा, नीरवचा होता. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथे इस्त्रीचं टेबल उघडायचं तर आधी खुर्ची बाहेर काढावी लागते, तिथे अकरा फुटांचं एक जनावर पाहुणचाराला आलं होतं.

आता यात नवल काहीच नव्हतं, हेच छायाचं खरं दुखणं होतं. दुबईत कुणी कायमचं किंवा लांबच्या सुट्टीवर निघालं की घरातल्या वस्तू वाटायला काढतं, आणि त्या घेणारा एक भला माणूस प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतो. या बिल्डिंगमधला भला माणूस म्हणजे चारुदत्त. अकरा वर्षांत त्याच्याकडे एका पुणेकरांची ट्रेडमिल आली, दुसऱ्या कुणाची तुळस आली, तिसऱ्यांचा एक पाय मोडका सोफा आला. "सांभाळून ठेव, परत आलो की नेतो," असं सगळेच म्हणायचे. परत कुणी आलं नाही. चारुदत्तच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता. छायाला लग्नाआधी हा त्याचा गुण वाटला होता.

मे महिन्यात नीरवचा फोन आला तेव्हा चारुदत्त जेवत होता. फोनवर तो उभा राहून बोलला, यावरूनच छायाने ओळखलं. "हो सर. हो हो सर. नो प्रॉब्लेम सर, इट्स फॅमिली ओन्ली." मग खाली बसून त्याने आमटी ओरपली आणि म्हणाला, "सर मुंबईला सुट्टीवर चाललेत. त्यांचा एक पेट आहे. तीन महिने ठेवायचाय."

"कुठला पेट?"

"बघू. विचारलं नाही."

विचारलं नाही! एवढ्या एका वाक्यावर छाया पुढचे तीन महिने धुमसत राहिली. जे जनावर घरात घ्यायचं ते कुठलं, हे न विचारता हो म्हणणारा माणूस या जगात एकच होता आणि तो नेमका तिच्या वाट्याला आला होता.

दोन दिवसांनी चार माणसांनी मिळून काचेची पेटी वर आणली. पेटीत पिवळट पांढरा, मांडीएवढा जाड अजगर वेटोळं करून पडला होता. नीरव तोंडभर हसला. "भाभी, घाबरायचं काहीच नाही. बिलकुल डोसाइल, गरीब आहे. दोन-तीन हफ्त्यांनी एक रॅबिट, बस. तुम्ही बघाल, तुम्हाला लव्ह होईल." नंतर चारुदत्तच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "सप्टेंबरमध्ये तुमचं रिन्यूअल माझ्याच टेबलवर येतंय ना? टेन्शन मत लो." ही थाप कशासाठी होती ते न कळण्याइतकी छाया भोळी नव्हती. चारुदत्तचं काँट्रॅक्ट गेलं तर व्हिसा जातो, त्याचा व्हिसा गेला की तिचा आणि अंकुरचा जातो, आणि अकरा वर्षांचं घर दोन महिन्यांत गुंडाळायला लागतं. म्हणून ती त्या दिवशी मूग गिळून बसली. त्याचा तिला पुढे फार राग आला, आणि तो राग तिचा स्वतःवरचा होता.

त्याच दिवशी तिने मोबाइलवर शोधलं. असलं जनावर घरात पाळायला इथे कायद्याने बंदी आहे, हे तिला दहा मिनिटांत कळलं. चारुदत्तला ते आधीपासून माहीत होतं. "अगं, कोण येतंय बघायला?" तो म्हणाला. "वॉचमनला सांगितलंय, फिश टँक आहे."

ज्याला लव्ह व्हायचं होतं त्याला ते झालं. अंकुर बारा वर्षांचा, दुबईतच वाढलेला, मित्र सगळे सुट्टीत आपापल्या देशांत गेलेले. त्याने अजगराचं नाव कस्टर्ड ठेवलं आणि पंधरा दिवसांत त्याच्याबद्दल जे जे वाचता येईल ते वाचून काढलं. कस्टर्डला तीस डिग्री उष्णता लागते, म्हणून अंकुरच्या खोलीतला एसी बंद झाला आणि पोरगं जुलैत घामाच्या धारांत झोपायला लागलं. हॉलमधल्या एसीने हवा कोरडी पडली, म्हणून कस्टर्डची कात एका तुकड्यात निघेना. डोळ्यांवर, शेपटीवर तिचे कपटे चिकटून राहिले. अंकुर दिवसातून चार वेळा पाण्याचा फवारा मारायचा.

"डॉक्टरला दाखव म्हणावं तुझ्या बॉसला," छाया चारुदत्तला म्हणाली.

"आई, नो व्हेट विल सी हिम," अंकुर म्हणाला. "ही हॅज नो पेपर्स."

छायाला त्या जनावराचा राग कधीच आला नाही, हे सांगितलं पाहिजे. ती बर दुबई भागातल्या एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर अर्धा दिवस काम करायची. दुपारी घरी आली की तो काचेला तोंड लावून पडलेला असायचा. तीन हात लांबीच्या पेटीत अकरा फुटांचं शरीर दुमडून. त्याला बघून तिचा जीव कळवळायचा, आणि जीव कळवळला की दुप्पट राग यायचा. ज्याने त्याला या पेटीत कोंबलं तो मुंबईत पावभाजी खात होता, आणि त्याच्या वाटची दया तिला करायला लागत होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी ती भात लावत होती. आतून आधी काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग अंकुरची किंकाळी.

त्याने ससा गरम पाण्याच्या बादलीत सोडून मऊ केला होता, आणि त्याच ओल्या हातांनी, चिमटा आणायच्या आधी, पेटीचं झाकण उघडलं होतं. कस्टर्डला हाताला सशाचा वास आला. त्याने हात धरला. छाया आत पोचली तेव्हा अजगराचं तोंड पोराच्या मनगटावर होतं आणि धडाचे दोन पिळे कोपराच्या वर चढले होते. अंकुरची बोटं जांभळी पडत होती.

तिने पिळ्यांना हात घातला. ते मांस नव्हतंच, दोरखंड होता. एक इंच सुटला की दोन इंच आवळायचा. "शेपटीकडून!" अंकुर ओरडत होता, "फ्रॉम द टेल, आई, नॉट द हेड!" तिने शेपटी धरून उलगडायला घेतली. तिच्या एकटीच्या ताकदीचं ते काम नव्हतं. पलंगावरच्या फोनवरून तिने चारुदत्तला लावला. "मीटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांत करतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला. ते वाक्य ती मरेपर्यंत विसरणार नव्हती.

"माउथवॉश!" अंकुर रडत म्हणाला. "पोअर इट इन हिज माउथ. आय रेड इट. प्लीज, आई!"

क्लिनिकमधून फुकट मिळालेल्या बाटल्या बाथरूममध्ये ओळीने होत्या. तिने एक आणली, दाताने झाकण काढलं आणि अजगराच्या जबड्याच्या फटीत ओतली. दोन सेकंद काही झालं नाही. मग जबडा सुटला. पिळे सैल पडले आणि तो स्वतःच मागे सरकत पेटीत गेला, जणू त्यालाच कुणी फसवलं होतं. छायाने झाकण टाकलं, कड्या लावल्या आणि ती त्यावरच बसली.

चारुदत्तचा फोन वीस मिनिटांनी आला. तोवर टॉवेल रक्ताने भिजला होता आणि ते दोघं टॅक्सीत होते.

"ऐक, हॉस्पिटलमध्ये साप म्हणू नकोस," तो घाईने म्हणाला. "रिपोर्ट होईल. केस होईल. रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. मांजर म्हण. प्लीज छाया, मांजर."

तिने अंकुरकडे बघितलं. मग डॉक्टरणीसमोर ती म्हणाली, "स्ट्रीट कॅट." डॉक्टरणीने जखमेकडे बघितलं. सुईने टोचल्यासारख्या अर्धगोल रांगा, एकामागे एक. "हाउ बिग वॉज दिस कॅट?" तिने विचारलं. डॉक्टरणीने तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि लिहायला घेतलं. भटकं मांजर चावलं म्हणजे रेबीजचं इंजेक्शन आलं. एक आज, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या. शिवाय जखमेच्या कडेने आणखी सुया. अंकुरने ओठ घट्ट आवळून त्या सगळ्या घेतल्या. प्रत्येक सुईला तो आईकडे बघत होता. ज्या सुयांची काडीचीही गरज नव्हती त्या आपलं पोर आपल्या खोटेपणापायी खातंय, हे छायाला समोर दिसत होतं, आणि तरी तिने तोंड उघडलं नाही.

टॅक्सीत परतताना अंकुर एवढंच म्हणाला, "इट वॉज माय मिस्टेक. नॉट हिज."

घरी चारुदत्त दारात उभा होता. त्याने अंकुरला जवळ घ्यायला हात पुढे केले. छाया मध्ये आली.

"त्याला अजून तीन इंजेक्शनं घ्यायची आहेत मांजराची," ती म्हणाली. "तारखा तू लक्षात ठेव. प्रत्येक वेळी तू घेऊन जायचं. आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं."

तो नेऊन आणत राहिला, खाली मान घालून. आणि पुढच्याच आठवड्यात नीरवचा ईमेल आला, सगळ्या डिपार्टमेंटला. त्याला सिंगापूरला मोठी पोस्ट मिळाली होती, तो दुबईला परत येणार नव्हता, सगळ्यांचे आभार, इट हॅज बीन अ प्रिव्हिलेज. दोन दिवसांनी एचआरने चारुदत्तला बोलावलं. रिन्यूअल नाही. मॅनेजमेंटचं डिसिजन. ते नीरवने सुट्टीवर असतानाच, जूनमध्ये, सही करून पाठवलं होतं. म्हणजे कस्टर्डला घरात घेतल्यावर तीन आठवड्यांनी.

चारुदत्तने हे सांगितलं तेव्हा छाया हसली. खरंच हसली. मग तिने नीरवला फोन लावला. रिंग वाजत राहिली. मेसेजचं उत्तर संध्याकाळी आलं: 'भाभी, सो सॉरी, टू हेक्टिक. यू गाइज प्लीज अडॉप्ट हिम. ही लव्हज अंकुर.' पुढे पिवळं हृदय.

"आता आपल्यालाही निघायला लागणार," चारुदत्त म्हणाला. तो सोफ्याच्या मोडक्या बाजूला बसला होता. "मी काय म्हणतो, आपण ॲड टाकू. फ्री टू गुड होम. कुणीतरी नेईल. पेटीसकट."

"कोण नेईल?"

"असतात गं लोक. मी फोटो काढतो."

त्याने आत जाऊन पेटीचं झाकण उचललं आणि काचेची चमक नको, वरूनच फोटो काढू म्हणून ते भिंतीला टेकवून उभं केलं. आतली बाजू बाहेर आली. तेव्हा छायाने ती नावं पहिल्यांदा वाचली. प्लायवूडवर काळ्या मार्करने, एकाखाली एक, इंग्रजीत. ग्रॅहम, २०१२. जोमेल, २०१५. रानिया, २०१८. नीरव, २०२१. प्रत्येकापुढे फोन नंबर. बेबी, नाइन्टीन इंचेस, असं ग्रॅहमच्या नावापुढे कौतुकाने लिहिलेलं.

छाया खाली बसली आणि एकेक नंबर फिरवायला लागली. ग्रॅहमचा नंबर अस्तित्वात नव्हता. जोमेलचाही नव्हता. रानियाचा कुणा दुसऱ्याच माणसाने उचलला, तो अरबीत काहीतरी बोलला आणि "खलास, खलास" म्हणून त्याने ठेवला. चार माणसं या देशात आली, त्यांनी हौसेने जनावर घेतलं, आणि व्हिसा संपला तसं पुढच्याच्या गळ्यात मारून विमानात बसली. तेरा वर्षं. अंकुरपेक्षा तो एक वर्षाने मोठा होता.

आणि मग तिला सर्वांत खालची ओळ दिसली. नव्या मार्करने, गोल गोल अक्षरांत. अंकुर, २०२५, फॉरेव्हर.

तिचं डोकं फिरलं ते तिथे.

"उठ," ती चारुदत्तला म्हणाली. "वाच. मोठ्याने वाच. ही सहावी ओळ कुणाची घालणार आहेस? तो अजून दहा-बारा वर्षं जगणार आहे. आपला व्हिसा दोन वर्षांचा असतो, चारू! दोन! हे या चौघांना कळलं नाही, तुला कळलं नाही, मला कळत होतं आणि मी गप्प बसले. त्याला कोण उचलणार, तो आजारी पडला तर कोण बघणार, आपण गेल्यावर कुठे जाणार, यातलं एक तरी विचारलंस? तुझ्या सरांना तू विचारलं नाहीस की पेट कुठला! ट्रेडमिल आहे का ती? तुळस आहे?"

"हळू बोल, शेजारी..."

"ऐकू देत. मी आजच फोन करणारे. प्राण्यांच्या सरकारी ऑफिसला."

चारुदत्तचा चेहरा पडला. "वेडी आहेस का? फाइन लावतील. केस झाली तर एक्झिट अडकेल, देश सोडता येणार नाही. मग मला दुसरीकडे जॉबपण नाही मिळणार." तो आवाज खाली आणून म्हणाला, "ऑफिसमधल्या फहदची पिकअप मागतो. डेझर्टमध्ये सोडून येऊ. तिकडेच मोकळा राहील."

"ऑगस्टमध्ये वाळूत? तासाभरात शिजेल तो."

दारात अंकुर उभा होता. त्याचा हात अजून बांधलेला होता. त्याने दोघांकडे बघितलं आणि तो आईवरच ओरडला. "यू आर जस्ट लाइक देम! ऑल ऑफ यू! एव्हरीबडी जस्ट गिव्हज हिम अवे!"

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. तिने त्याला समजावलं नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. ती बाहेर गॅलरीत गेली, भट्टीसारख्या हवेत उभी राहिली आणि तिने फोन लावला. स्वतःचं नाव, फ्लॅट नंबर, प्राण्याची लांबी, सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दोन कामगार आणि एक अधिकारी बाई आल्या. बाईंचं नाव नबिला होतं, ते त्यांच्या ओळखपत्रावर होतं. त्यांनी कस्टर्डला बघितलं, डोळ्यांवरचे कातीचे कपटे बघितले आणि जिभेने च्च केलं. कामगारांनी झाकण काढून भिंतीला टेकवलं आणि दोघांनी त्याला उचलून हवेशीर खोक्यात ठेवलं. तो जराही झगडला नाही. एवढ्या वर्षांत इतक्या हातांतून गेला होता की उचलून नेलं जाण्याची त्याला सवय झाली असावी.

मग नबिलांनी फॉर्म काढला. त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या झाकणावर गेली. त्यांनी सगळी नावं वाचली. "सो," त्या म्हणाल्या, "हू इज द ओनर?"

चारुदत्तने छायाकडे बघितलं. अवघड वेळी तो नेहमी बघायचा तसं. अकरा वर्षं ती अशा वेळी पुढे झाली होती, शाळेच्या ॲडमिशनला, घरमालकासमोर, हॉस्पिटलात. तिने ओठ घट्ट मिटले आणि ती जागची हलली नाही. हे तिने त्याच्यासाठी बोलायचं नव्हतं.

"मी," अंकुर म्हणाला. "आय ॲम. ही इज माइन."

"हाउ ओल्ड आर यू, हबीबी?"

"ट्वेल्व्ह."

नबिलांनी पेन खाली केलं आणि वाट बघितली. खोलीत बंद एसीची उकड होती. चारुदत्तच्या कपाळावरून घाम ओघळून कॉलरमध्ये गेला.

"माय सन टुक केअर ऑफ हिम," शेवटी तो म्हणाला. "बट इट्स मी. आय सेड येस. राइट माय नेम."

त्याने पूर्ण नाव सांगितलं, पासपोर्ट नंबर सांगितला, सही केली. नबिला म्हणाल्या, ऑफिसला बोलावतील, फाइल होईल, काय ठरेल ते आत्ता सांगता येत नाही. तुम्ही स्वतःहून कळवलंत हे मी लिहिते. तोपर्यंत तिकिटं काढू नका. खोकं लिफ्टमधून गेलं. वॉचमनने खाली विचारलंच असणार, फिश टँक कुठे चालला म्हणून.

छायाला वाटलं होतं की आता हलकं वाटेल. वाटलं नाही. तिने फ्रीजरमधून उरलेला ससा काढून कचऱ्याच्या पिशवीत घातला, हात धुतले आणि आत आली.

अंकुर झाकणासमोर मांडी घालून बसला होता. ओल्या अंगठ्याने तो एकच शब्द घासत होता, 'फॉरेव्हर'. आपल्या नावाला त्याने हात लावला नव्हता. मार्कर पक्का होता, अंगठा लाल झाला तरी एक अक्षर पुसट होत नव्हतं. चारुदत्त त्याच्याशेजारी खाली बसला, खिशातून रुमाल काढला आणि तोही घासायला लागला.

"हात काढ," छाया म्हणाली.

दोघांनी वर बघितलं.

"पुसायचं नाही ते. अंकुर, उठ बाळा, तू चुकीचं काही लिहिलेलं नाहीस." मग ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात माया अजिबात नव्हती. "आपण इथून जाईपर्यंत हे इथेच राहील. तू रोज वाचायचं."

तिने झाकण उचललं. ते एकटीला जड होतं, तरी तिने कुणाला हात लावू दिला नाही. बाहेर नेऊन तिने ते चपलांच्या रॅकवर, दाराकडे तोंड करून उभं केलं, आणि भात लावायला गेली.